मेथोट्रेक्सेटची गोष्ट : फॉलिक आम्ल, डीएनए आणि रक्ताचा कर्करोग

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत माझ्याआधी बोललेले वक्ते आपापल्या विषयाचे अधिकारी होते. माझे तसे नाही. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि व्यवसायाने कापड व्यापारी. वैद्यकशास्त्राशी माझा संबंध आला तो संस्थेच्या वैद्यकीय साहाय्य समितीवर काम करताना. समितीकडे येणाऱ्या अर्जांना औषधांच्या चिठ्ठ्या आणि बिले जोडलेली असतात. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगाचे, म्हणजे ल्युकेमियाचे जे अर्ज आले त्यांत एक नाव हटकून दिसे : मेथोट्रेक्सेट. मोठमोठ्या आकड्यांच्या बिलात या गोळ्यांची रक्कम इतकी किरकोळ असे की व्यापारी माणसाला प्रश्न पडावा, एवढ्या महागड्या दुखण्यात हा स्वस्त माल काय काम करतो? त्या प्रश्नाच्या मागे लागून जे वाचले आणि डॉक्टर मित्रांना विचारून जे समजून घेतले, ते आज आपल्यापुढे ठेवतो. या माहितीचा आपल्या साहाय्य निधीशी थेट संबंध आहे, तोही शेवटी सांगेन.

या औषधाची कुळकथा सुरू होते ती मुंबईत, आणि तीही गिरणगावात. १९२८ साली लूसी विल्स नावाच्या इंग्रज महिला डॉक्टर मुंबईस आल्या आणि परळच्या हाफकिन संस्थेत काम करू लागल्या. त्या काळी मुंबईतील गरीब वस्तीत, विशेषतः गिरणी कामगारांच्या कुटुंबांत, गरोदर स्त्रियांना एक विलक्षण रक्तक्षय जडत असे. रक्तातील तांबड्या पेशी संख्येने फार कमी होत, परंतु एकेक पेशी आकाराने नेहमीपेक्षा मोठी दिसे. कित्येक स्त्रिया बाळंतपणाआधी किंवा बाळंतपणात दगावत. आरंभी जंतूंचा संशय होता. तो खरा ठरला नाही. मग विल्सबाईंनी या स्त्रियांच्या ताटाकडे लक्ष वळविले. आहार निकृष्ट होता, भाजीपाला जवळजवळ नव्हताच. संस्थेत माकडांना तसेच निकृष्ट अन्न देऊन हा रोग निर्माण करून पाहिला गेला. असे प्रयोग आपल्या मनाला रुचणारे नाहीत, परंतु जे घडले ते गाळून सांगणे योग्य होणार नाही. अखेर गुण आला तो एका अगदी स्वस्त पदार्थाने. बिअर तयार करताना उरलेल्या यीस्टपासून मार्माइट नावाचा काळसर, खारट अर्क विलायतेत विकला जाई. तो खाऊ घातल्यावर या स्त्रियांचे रक्त सुधारू लागले. १९३१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये त्यांनी हा निष्कर्ष प्रसिद्ध केला. दुसऱ्या एका रक्तक्षयावर गुणकारी ठरलेला यकृताचा शुद्ध केलेला अर्क या स्त्रियांना मात्र लागू पडत नव्हता. म्हणजे यीस्टमध्ये काहीतरी वेगळेच होते. त्या अज्ञात द्रव्याला पुढे बरीच वर्षे ‘विल्स घटक’ असेच म्हणत.

आम्ही कापडवाले गिरण्यांचा इतिहास सांगतो तेव्हा गिरणीमालक येतात, संप येतात, सुताचे भाव येतात. या स्त्रियांची नावे मात्र कोठे नोंदलेली नाहीत.

हे द्रव्य काय असावे, याचा शोध पुढील दहा-पंधरा वर्षे अनेक ठिकाणी चालू राहिला. १९४१ साली अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठात मिचेल, स्नेल आणि विल्यम्स या तिघांनी चार टन पालकाच्या भाजीतून त्याचा अल्पसा अंश वेगळा काढला. लॅटिनमध्ये पानाला ‘फोलियम’ म्हणतात, त्यावरून त्यांनी त्याला फॉलिक आम्ल असे नाव दिले. आपल्या घराघरांत गरोदर सुनेला-लेकीला डॉक्टर ज्या गोळ्या देतात, तेच हे.

आता हे आम्ल शरीरात करते काय, ते थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण पुढील सारी हकीगत त्यावर उभी आहे.

आपल्या हाडांच्या पोकळीत अस्थिमज्जा असते. तो रक्तपेशींचा कारखाना. तेथे दर सेकंदाला सुमारे वीस लाख नव्या तांबड्या पेशी तयार होतात. एका पेशीच्या दोन पेशी व्हायच्या, तर आधी तिच्यातील डीएनएची हुबेहूब नक्कल तयार व्हावी लागते. डीएनए म्हणजे चार अक्षरांत लिहिलेला लांबच लांब मजकूर. अक्षरे चारच : ॲडेनिन, ग्वानिन, सायटोसिन आणि थायमिन. (हे थायमिन म्हणजे ब-१ जीवनसत्त्व नव्हे, नावांचे साम्य आहे इतकेच.) मानवी पेशीत अशा अक्षरांच्या सुमारे सहाशे कोटी जोड्या असतात आणि प्रत्येक विभाजनाच्या वेळी तेवढ्या सर्व नव्याने रचाव्या लागतात. यांतील थायमिन तयार होताना शेवटच्या टप्प्यावर एक कार्बनचा अणू जोडावा लागतो. तो आणून देण्याचे काम फॉलिक आम्लाचे. ॲडेनिन आणि ग्वानिन यांच्या घडणीतही तेच कार्बन पुरविते.

मला हे समजले ते मागावरच्या धोट्यावरून. धोटा आडवे सूत घेऊन ताण्यातून इकडून तिकडे धावतो. तो स्वतः कापड होत नाही, पण त्याच्यावाचून एक इंचही कापड विणले जात नाही. फॉलिक आम्ल असाच धोटा आहे. मात्र थायमिनपुरता एक फरक आहे. येथे धोटा नुसता रिकामा होऊन परतत नाही. कार्बन देताना तो स्वतःच निकामी होतो. त्याला पुन्हा कामाजोगा करून देणारा एक कारागीर पेशीत असतो. त्याचे शास्त्रीय नाव डायहायड्रोफोलेट रिडक्टेज. तो एक विकर आहे, म्हणजे आपण ज्याला एन्झाइम म्हणतो ते. पेशी जितक्या वेगाने विभागते, तितके या कारागिराला काम जास्त.

विल्सबाईंच्या रुग्ण स्त्रियांत नेमके हेच बिघडले होते. धोटेच कमी पडले. पेशी वाढत, फुगत, पण डीएनए पुरा होत नसल्यामुळे त्यांचे विभाजन अडून राही. म्हणून त्या संख्येने थोड्या आणि आकाराने मोठ्या दिसत.

यानंतर या कथेत एक भारतीय गृहस्थ येतात, आणि त्यांच्या वाट्याला आली त्यापेक्षा कितीतरी अधिक कीर्ती त्यांना मिळावयास हवी होती असे माझे स्पष्ट मत आहे. येल्लाप्रगड सुब्बाराव यांचा जन्म १८९५ सालचा, आंध्रातील भीमावरमचा. घरची गरिबी. मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकत असताना गांधीजींच्या आवाहनाला अनुसरून ते शस्त्रक्रियेच्या वर्गात खादीचा पोशाख घालून जात. शस्त्रक्रियेच्या इंग्रज प्राध्यापकांना ते खपले नाही, आणि परिणामी एम.बी.बी.एस.ऐवजी एल.एम.एस. या दुय्यम पदविकेवर त्यांची बोळवण झाली, असे त्यांच्या चरित्रात नोंदविलेले आहे. कापडाच्या एका अंगरख्यापायी माणसाची पदवी जाते, हे वाचून माझ्यासारख्या कापडवाल्याला काय वाटले असेल याची आपण कल्पना करू शकता. त्यांचे दोन भाऊ थोड्या दिवसांच्या अंतराने संग्रहणीने वारले, आणि त्यांना स्वतःलाही तो रोग झाला होता. उष्ण प्रदेशातील या संग्रहणीत आतड्यातून अन्नातील फॉलिक आम्ल शोषले जात नाही, हे तेव्हा कोणालाही ठाऊक नव्हते.

सुब्बाराव अमेरिकेस गेले. हार्वर्ड विद्यापीठात त्यांनी सायरस फिस्क यांच्याबरोबर शरीरातील फॉस्फरस मोजण्याची पद्धत बसविली. ती १९२५ सालापासून जगभरच्या प्रयोगशाळांत वापरली गेली. तेथे कायमची जागा त्यांना मिळाली नाही. १९४० साली ते न्यूयॉर्कजवळील लेडर्ले या औषध कंपनीच्या संशोधन विभागात गेले आणि लवकरच त्या विभागाची धुरा त्यांच्याकडे आली. त्यांच्या हाताखालील मंडळींनी १९४५ साली फॉलिक आम्ल प्रयोगशाळेत कृत्रिमरीत्या तयार केले. चार टन पालकाची गरज संपली. संग्रहणीच्या रुग्णांना ते देऊन पाहिले, आणि गुण आला.

इथपर्यंतची गोष्ट पोषणाची झाली. पुढचे वळण बोस्टनमधील बाल रुग्णालयात आहे. तेथे सिडनी फार्बर हे विकृतिशास्त्रज्ञ होते. म्हणजे मृत्यूनंतर रोगाचे कारण तपासणारे डॉक्टर. लहान मुलांच्या तीव्र ल्युकेमियावर त्या काळी काहीच उपाय नव्हता. अस्थिमज्जेत अपक्व पांढऱ्या पेशी बेसुमार वाढत, निरोगी पेशींना जागाच उरत नसे, आणि निदानानंतर काही आठवड्यांत किंवा फार तर काही महिन्यांत मूल जाई. फार्बर यांनी विचार केला की, फॉलिक आम्लाने रक्तक्षयातील बिघडलेली अस्थिमज्जा ताळ्यावर येते, तर ल्युकेमियातही येईल. त्यांनी लेडर्लेकडून आलेली फॉलिक आम्लाची संयुगे काही रुग्ण मुलांना दिली. घडले ते उलटेच. रोगट पेशी अधिक जोमाने वाढताना दिसल्या.

दुसरा कोणी असता तर येथे थांबला असता. फार्बर यांनी याच्यातूनच पुढचा प्रश्न काढला : ज्या द्रव्याने हा रोग पोसला जातो, ते या पेशींना मिळूच दिले नाही तर? अन्नातून ते तोडणे कठीण. पण हुबेहूब फॉलिक आम्लासारखे दिसणारे आणि काम मात्र न करणारे असे एखादे द्रव्य दिले तर? बाजारात खोटे नाणे शिरले की खऱ्याचा व्यवहार अडतो, तसा हा विचार. सुब्बाराव यांच्या प्रयोगशाळेत अशी तोतया संयुगे तयार होत होती. त्यांतील एकाचे नाव ॲमिनोप्टेरिन. फॉलिक आम्लाच्या रेणूतील एका जागचा ऑक्सिजन-हायड्रोजनचा गट काढून तेथे नायट्रोजनचा गट बसविला, एवढाच फरक. कारागीर त्याला धोटा समजून हातात घेतो आणि मग ते त्याच्या हातून सुटतच नाही. खरे धोटे निकामी अवस्थेत पडून राहतात, थायमिन तयार होत नाही, डीएनएची नक्कल अर्धवट राहते आणि वेगाने विभागू पाहणारी पेशी मरते.

डिसेंबर १९४७ मध्ये दोन वर्षांच्या एका मुलाला ॲमिनोप्टेरिन टोचण्यास सुरुवात झाली. फुगलेली प्लीहा ओसरली, पांढऱ्या पेशींची संख्या उतरली, अंथरुणाला खिळलेले मूल चालू लागले. ३ जून १९४८ रोजी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये फार्बर आणि सहकाऱ्यांनी सोळा मुलांची हकीगत छापली, त्यांपैकी दहांना गुण दिसला होता. लेखाच्या शीर्षकातच त्यांनी ‘तात्पुरता’ हा शब्द घातला. तो शब्द खरा होता. काही महिन्यांत रोग परतला, आणि तो लहान मुलगाही वाचला नाही. तरीसुद्धा, औषधाने ल्युकेमिया काही काळ का होईना मागे हटतो, हे जगाने प्रथमच पाहिले. सुब्बाराव यांचे त्याच वर्षी ऑगस्टमध्ये निधन झाले. वय अवघे त्रेपन्न.

येथे कालक्रम नीट ध्यानात घ्यावा असा आहे. डीएनएची दुहेरी गोफासारखी रचना वॉटसन आणि क्रिक यांनी मांडली ती १९५३ साली. ज्या कारागिराला ॲमिनोप्टेरिन अडवून धरते, त्या विकराची ओळख पटली ती तर त्या दशकाच्या अखेरीस. म्हणजे औषध आधी लागू पडले आणि ते का लागू पडते याचे उत्तर दहा वर्षांनी आले. या औषधाच्या मागे लागूनच शास्त्रज्ञांना डीएनएच्या कारखान्यातील कित्येक दालने सापडली. पुस्तकात आधी सिद्धांत आणि मग उपयोग असा क्रम असतो. व्यवहारात तो पुष्कळदा उलटा असतो, हे दुकानदाराला निराळे सांगावे लागत नाही.

ॲमिनोप्टेरिनमध्ये आणखी एक छोटा बदल करून मेथोट्रेक्सेट तयार झाले. ते देण्यास अधिक सोयीचे ठरले आणि त्याने ॲमिनोप्टेरिनची जागा घेतली. परंतु रोग परतत होताच. असे का व्हावे?

एक उत्तर १९७८ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील रॉबर्ट शिमके आणि त्यांच्या सहकाऱ्यांकडून आले. औषधाला न जुमानणाऱ्या पेशी तपासताना त्यांना आढळले की, त्या कारागिराच्या जनुकाच्या प्रतीच या पेशींनी वाढवून ठेवल्या आहेत. एका प्रतीच्या जागी अनेक प्रती. औषधाने शंभर कारागीर अडविले तर पेशीने हजार उभे केले. जनुकांची संख्या पेशीत कायमची ठरलेली असते, ही जुनी समजूत या शोधाने मोडली. आज अनेक प्रकारच्या कर्करोगांत जनुकांच्या अशा वाढीव प्रती मोजल्या जातात. इतरही वाटा सापडल्या. काही पेशी औषध आत येण्याचे दारच अरुंद करतात. याच्या उलट, डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांना मेथोट्रेक्सेटचा त्रास जास्त होतो. फॉलिक आम्ल आणि हे औषध पेशीत आणणाऱ्या वाहकाचे जनुक एकविसाव्या गुणसूत्रावर असते, आणि या मुलांत त्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती असतात. या त्रासामागे तेही एक कारण मानले जाते.

डॉक्टरांनी मात्र १९७८ची वाट पाहिली नव्हती. एक औषध पुरत नाही, तर वेगवेगळ्या मार्गांनी काम करणारी औषधे एकत्र द्यावीत, हा विचार आधीच सुरू झाला होता. गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांनी डीएनएच्या अक्षरांचीच नक्कल करणारे मर्कॅप्टोप्युरिन शोधले. १९५३ साली ते वापरात आले आणि १९८८ साली या दोघांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. एलियनबाईंकडे पीएच.डी. नव्हती, ही गोष्ट आपल्या मुलींना सांगण्यासारखी आहे. साठीच्या दशकाच्या आरंभी अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत फ्राय आणि फ्रायराइख यांनी चार औषधे एकत्र देऊन पाहिली. त्यातून रक्तातील रोग नाहीसा झाला, पण तो मेंदूच्या आवरणात दडून बसतो आणि तेथून परततो असे दिसले, कारण रक्तातून जाणारी ही औषधे तेथे पुरेशी पोहोचत नव्हती. मेम्फिस येथील सेंट ज्यूड रुग्णालयात डोनाल्ड पिंकेल यांनी डोक्याला किरणोपचार आणि पाठीच्या मणक्यातून मेथोट्रेक्सेट, शिवाय दोन-तीन वर्षे सतत गोळ्या, असा सर्वांगीण उपचार बसविला. साठीचे दशक संपता संपता जवळपास निम्मी मुले बरी होऊ लागली. पुढे किरणोपचार बहुतेक मुलांसाठी वगळता आले, मणक्यातील मेथोट्रेक्सेट टिकून राहिले. १९६२च्या सुमारास शंभरात चार मुले वाचत; आज संपन्न देशांत मुलांच्या या लिम्फोब्लास्टिक प्रकारच्या ल्युकेमियात शंभरात सुमारे नव्वद वाचतात.

या औषधाच्या वंशावळीची आणखी एक शाखा थोडक्यात सांगतो. १९७५ साली केंब्रिजमध्ये कोलर आणि मिलस्टीन यांनी एकाच प्रकारची प्रतिपिंडे हव्या तेवढ्या प्रमाणात बनविण्याची युक्ती काढली. त्यात नको असलेल्या पेशी मारून हव्या तेवढ्याच पेशी जगविण्यासाठी जे पोषक द्रावण वापरतात, त्यात ॲमिनोप्टेरिन असते. त्या युक्तीतून वाढलेल्या विद्येवर आजची ब्लिनाट्युमोमॅबसारखी नवी औषधे उभी आहेत, जी रुग्णाच्या स्वतःच्या रक्षक पेशींना ल्युकेमियाच्या पेशीजवळ नेऊन भिडवितात. मूळ औषधावरचे संशोधनही थांबलेले नाही. २०१८ साली ‘नेचर’ नियतकालिकात बोस्टन परिसरातील शास्त्रज्ञांनी दाखविले की, हिस्टिडीन नावाच्या, प्रथिनांतील एका घटकाचे विघटन होताना पेशीतील फॉलिक आम्लाचा साठा खर्ची पडतो; म्हणून ल्युकेमिया असलेल्या उंदरांना जास्तीचे हिस्टिडीन दिले असता मेथोट्रेक्सेट अधिक प्रभावी ठरले. हे उंदरांतील काम आहे. कोणी पावडरीचे डबे आणावयास धावू नये.

आता भगिनीवर्गाकडून हटकून येणारी शंका. फॉलिक आम्लाने ल्युकेमिया पोसला जातो, तर गरोदरपणी त्याच्या गोळ्या घ्याव्यात की नाही? जरूर घ्याव्यात. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत, ज्या मातांचे आधीचे मूल मज्जारज्जूच्या व्यंगाचे होते त्यांना या गोळ्या दिल्यावर पुढील बाळात ते व्यंग येण्याचे प्रमाण सुमारे तीन-चतुर्थांशाने घटले. या गोळ्यांनी बाळाला ल्युकेमिया होतो असा पुरावा नाही. आधीच जडलेल्या रोगाच्या पेशींना खतपाणी मिळणे निराळे, आणि निरोगी शरीराची रोजची गरज निराळी. चातुर्मासात आपल्यापैकी अनेक घरांत पालेभाजी वर्ज्य असते. त्यांनी हरभरा, मूग, चवळी, मसूर यांवर भर द्यावा, त्यांतून फॉलिक आम्ल भरपूर मिळते. फार वेळ उकळून वरचे पाणी ओतून देऊ नये. मात्र शाकाहारी माणसाने खरी काळजी करावी ती ब-१२ जीवनसत्त्वाची. ते कमी पडले की फॉलिक आम्ल शरीरात असूनही एका रूपात अडकून पडते आणि रक्तक्षय अगदी तसाच दिसतो. अशा वेळी नुसत्या फॉलिक आम्लाच्या गोळ्या घेतल्या तर रक्त सुधारते, पण नसांचे नुकसान आतल्या आत चालूच राहते. म्हणून रक्त तपासून दोन्ही पाहावे.

आणि आता निधीचा प्रश्न.

आपल्याकडे मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात १९८०च्या दशकात भारतीय परिस्थितीला झेपेल अशी एक उपचारपद्धती अमेरिकन तज्ज्ञांच्या सहकार्याने आखली गेली आणि देशातील इतर केंद्रांतही ती वापरली गेली. त्यामुळे आपल्याकडेही बऱ्या होणाऱ्या मुलांची संख्या वाढली. हे रुग्णालय परळला, हाफकिन संस्थेपासून पायी जाण्याच्या अंतरावर. विल्सबाईंच्या शोधातून निघालेली वाट सारे जग फिरून त्याच वस्तीत परत आली. तरीही आपले आकडे संपन्न देशांपेक्षा कमी आहेत. निदान उशिरा होते, उपचारादरम्यान जंतुसंसर्ग होतो, आणि तिसरे कारण असे की कुटुंबे उपचार अर्ध्यावर सोडतात.

हे तिसरे कारण समजून घेण्यासारखे आहे. उपचाराचे पहिले काही महिने कठीण असतात : रुग्णालय, सलाइन, ताप, रक्त चढविणे. त्यानंतर मूल बरे दिसू लागते, केस येतात, शाळेत जाऊ लागते. आणि तेथून पुढे दीड-दोन वर्षे घरी गोळ्या घ्यावयाच्या असतात : मर्कॅप्टोप्युरिन रोज आणि मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा. याचे कारण आपण आताच पाहिले. रोगट पेशी दिसेनाशा झाल्या म्हणजे संपल्या असे नव्हे. त्यांतील काही संथपणे विभागत दडून असतात, आणि विभागू लागतील तेव्हाच हे औषध त्यांना गाठू शकते. म्हणून ते दीर्घकाळ, न चुकता रक्तात असावे लागते. स्मिता भाटिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत औषधाच्या बाटल्यांना झाकण उघडल्याची नोंद ठेवणारे यंत्र बसवून शेकडो मुलांचा अभ्यास केला. २०१२ साली त्यांनी प्रसिद्ध केले की, मर्कॅप्टोप्युरिनच्या शंभरांपैकी पंच्याण्णवपेक्षा कमी गोळ्या घेणाऱ्या मुलांत रोग उलटण्याचे प्रमाण लक्षणीय जास्त होते. शंभरात सहा-सात दिवस चुकले, तरी! व्यापारात एवढी सूट आपण हसत हसत देतो.

या काळात घरच्या माणसांनी दोन गोष्टी विशेष सांभाळाव्यात. मेथोट्रेक्सेट आठवड्याचे आहे; ते चुकून रोज दिले गेले तर जिवावर बेतते. ठरावीक वार पक्का करावा आणि दिनदर्शिकेवर खूण करावी. दुसरे म्हणजे अशक्तपणा दिसतो म्हणून शेजारपाजारच्या सल्ल्याने रक्तवर्धक टॉनिक देऊ नये. त्यांत बहुधा फॉलिक आम्ल असते, म्हणजे एका हाताने तोडलेली रसद दुसऱ्या हाताने पुरविल्यासारखे होईल. सांधेदुखीसाठी हेच औषध अल्प प्रमाणात घेणाऱ्यांना डॉक्टर स्वतः फॉलिक आम्ल देतात, आणि ल्युकेमियातही मोठी मात्रा दिल्यावर ठरावीक तासांनी त्याच जातीचे एक औषध देऊन निरोगी पेशी वाचवितात. परंतु तो हिशेब तासांचा आणि मिलिग्रॅमचा असतो. तो डॉक्टरांनीच करावा.

आपल्या निधीची पद्धत अशी की अर्ज मंजूर झाला की रुग्णालयाच्या नावे एकरकमी धनादेश द्यावयाचा. ती रक्कम पहिल्या दोन-तीन महिन्यांत संपते. पुढच्या गोळ्या स्वस्त आहेत हे खरे. पण दर काही आठवड्यांनी गावाहून मुंबईस जाणे-येणे, रक्ततपासणी, एका पालकाची बुडणारी रोजी आणि मुक्काम हा खर्च दोन वर्षे चालतो. तो कोणत्याही बिलात दिसत नाही, म्हणून आपल्या मंजुरीतही येत नाही. कुटुंब तेथेच थकते. माझा हिशेब असा की, त्याच रकमेचे तीन भाग करून शेवटचा भाग उपचाराच्या दुसऱ्या वर्षासाठी राखून ठेवल्यास निधीवर एक रुपयाचाही जादा भार पडत नाही.

तसा प्रस्ताव मी समितीकडे लेखी दिला आहे. छापील अर्जात ‘उपचाराचा एकूण कालावधी, महिन्यांत’ असा एक नवा रकाना घालावा आणि तो रुग्णालयाकडून भरून घ्यावा, एवढीच त्यातील पहिली मागणी आहे. विश्वस्त मंडळाच्या पुढील बैठकीत तो विचारार्थ येईल.